झाकलेला खिमा: रविवारच्या रात्रीचा मटण-चीज पाय

हा इंग्रजीतला ‘पाय’ (pie), पण ‘पाय’ म्हटलं की आमच्याकडे आधी पायांचं सूपच आठवतं, म्हणून घरात या पदार्थाला ‘झाकलेला खिमा’ हेच नाव पडलं. खाली-वर बटर घातलेल्या मैद्याची पारी, मधे कोरडा परतलेला मटणाचा खिमा आणि चीज, आणि सगळं ओव्हनमध्ये खरपूस भाजलेलं. करंजी येत असेल तर यातलं अर्धं काम हाताला ठाऊक असतं. उरलेलं अर्धं गेली तेवीस-चोवीस वर्षं करत करत मला जमलंय, ते सांगते.

माझं माहेर नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातलं. शेजारी एक पारशी आंटी राहायच्या. रविवारी दुपारी त्या एका चपट्या पत्र्याच्या डब्यात हे सगळं रचायच्या, आणि दिवाळीत आपण नानकटाई भाजायला बेकरीत नेतो तसा तो डबा जवळच्या बेकरीच्या भट्टीत पाठवायच्या. पोचवायचं आणि आणायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असे. फडक्यात गुंडाळलेला तो गरम डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून आणताना वाटेत जो वास यायचा, त्यासाठी मी हे काम कधी कुणाला दिलं नाही. पण मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. आंटी डबा टेबलावर ठेवायच्या, सुरी हातात घ्यायच्या आणि सगळ्यांबरोबर खुर्चीवर बसायच्या. माझ्या आईला मी असं गरम जेवताना पाहिलं नव्हतं. आम्ही पाटावर, आई तव्यापाशी. आमची शेवटची भाकरी झाली की मग ती तिचं ताट वाढून घेई, आणि तोवर रस्सा गार झालेला असे.

लग्नानंतर मीही वर्षानुवर्षं तशीच उभी राहिले. पुढे ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन घेतला, आणि रविवारची रात्र तेवढी मी या पदार्थाला देऊन टाकली. याची सगळी मेहनत दुपारी होते. पानं घ्यायच्या वेळी करणाऱ्या बाईला काही म्हणजे काही काम उरत नाही, ती सगळ्यांबरोबर पहिला घास घेते. म्हणून मी हा पदार्थ करते, आणि म्हणूनच खाली वेळेबद्दल इतकं सांगितलंय.

काय काय लागेल

आठ इंच रुंद, दोन इंच खोल असा केकचा साधा ॲल्युमिनियमचा डबा घ्या. माझा भांडी बाजारातून आणलेला आहे, काचेच्या भांड्यापेक्षा यात तळ लवकर तापतो. या मापात पाच-सहा माणसं पोटभर जेवतात.

पारीला ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम बटर, एक चमचा लिंबाचा रस आणि बर्फाचं पाणी, पाच ते सहा टेबलचमचे. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, त्यामुळे पिठात वेगळं मीठ घालू नका. सारणाला अर्धा किलो खिमा, दोन मोठे कांदे, एक उकडलेला बटाटा, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या, इंचभर आलं, दोन हिरव्या मिरच्या, एक चमचा ताजी भरड मिरपूड, बोटाच्या पेराएवढी दालचिनी कुटून, अर्धा चमचा काळा मसाला, मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना, एक टेबलचमचा मैदा. चीज १५० ग्रॅम. वरून लावायला एक अंडं. आणि बेकरीतला बिनगोडाचा टोस्ट, दोन तुकडे, चुरून.

खिम्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पदार्थ इथेच बनतो किंवा बिघडतो. खाटकाकडे आयता पडलेला खिमा घेऊ नका. खांद्याचा तुकडा दाखवून समोर करून घ्या, आणि मशीनमधून एकदाच काढायला सांगा. दोनदा काढला की शिजल्यावर त्याचा लगदा होतो आणि पाय कापताना सारणात दाणा दिसत नाही. थोडी चरबी राहू द्या, अगदी कोरड्या मटणाचा खिमा ओव्हनमध्ये चिवट होतो. मी नाशिकच्या भद्रकालीत सकाळी लवकर जाते, गर्दी नसली की माणूस मनाजोगतं करून देतो. मटण आधी धुऊन मग खिमा करून मिळाला तर उत्तम. घरी आणून धुणार असाल तर बारीक चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा आणि वरून हाताने दाबा.

कांद्याचंही तसंच. आपण नाशिककर, कांद्यातला फरक आपल्याला सांगायला नको. उन्हाळ कांदा असेल तर दोन घ्या, तो कमी पाण्याचा, परतला की लवकर सुकतो. थंडीत बाजारात लाल आणि रांगडा येतो, त्याला पाणी सुटतं, म्हणून तेव्हा दीडच कांदा घेते आणि दहा मिनिटं जास्त परतते. टोमॅटो मी घालतच नाही. गिरणारे गावचे टोमॅटो कितीही चांगले असले तरी या सारणात पाणी नको.

पारी

दुपारी तीनला ही आधी करायची. करंजीच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो, ते पिठाच्या कणाकणाला लागतं आणि करंजी खुसखुशीत होते. इथे नेमकं उलटं करायचंय. बटर फ्रिजमधून काढलेलं, दगडासारखं हवं. त्याचे बोराएवढे तुकडे करा, मैद्यात टाका आणि फक्त बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, तळहाताची ऊब बटर वितळवते. पीठ जाड रव्यासारखं दिसायला लागतं, पण सगळं एकसारखं करायच्या नादी लागू नका. मधेमधे हरभऱ्याच्या डाळीएवढे बटरचे कण दिसले पाहिजेत. ओव्हनमध्ये गेल्यावर हे कण वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते, बटरातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ ती उचलून धरते, आणि पदर सुटतात. चिरोट्यात हे काम साटा करतो, इथे हे कण करतात.

लिंबाचा रस बर्फाच्या पाण्यात मिसळा आणि एकेक चमचा शिंपडत पीठ गोळा करा. मळायचं नाही. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर मैद्याला तार येते, भाजताना पारी आक्रसते आणि खाताना चामड्यासारखी लागते. पीठ मुठीत दाबलं की धरून राहिलं, एवढंच हवं. कडेला थोडं भुरभुरीत राहिलं तरी चालेल. दोन गोळे करा, एक मोठा, एक त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. दोन्ही थापून चपटे करा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, आणि तासभर फ्रिजमध्ये.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत हे पीठ ओट्यावरही छान राहतं. मे महिन्यात मात्र मी मैदासुद्धा परातीसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते. हाताला पीठ तेलकट लागायला लागलं की हातातलं काम तिथेच थांबवा आणि परात आत ठेवा. घाईने पुढे गेलात तर ते सुधारत नाही.

सारण

जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेल, त्यात बारीक चिरलेला कांदा चांगला तांबूस होईतो. मग आलं-लसूण-मिरचीचा ठेचा. मग आच मोठी करून खिमा. खिमा पडला की कालथ्याने फोडत राहा, गुठळ्या राहू देऊ नका. आधी त्याला पाणी सुटेल, कढईत रटरट आवाज येईल. झाकण घालू नका. पाणी आटलं की आवाज बदलतो, रटरटीचा चरचर होतो आणि कढईच्या तळाला तांबूस खरवड धरायला लागते. ती खरवड चमचाभर पाण्याने सोडवून पुन्हा खिम्यात मिसळा. सगळी चव त्या खरवडीत आहे. त्यानंतर अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर झाकून वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. दाताखाली मऊ लागला की झाकण काढून पुन्हा कोरडा करा.

आता मिरपूड, दालचिनी, काळा मसाला. काळा मसाला अर्ध्या चमच्याहून जास्त नको, चीज त्याच्यापुढे गप्प होतं. मैदा भुरभुरवून दोन मिनिटं परता, उरलासुरला रस तो धरून ठेवतो. बटाट्याच्या बारीक फोडी, कोथिंबीर, पुदिना. मीठ सगळ्यात शेवटी आणि नेहमीच्या निम्म्याने, कारण बटर खारं, चीजही खारं.

सारण झालं का, हे मी असं बघते: कढईच्या मधोमध कालथ्याने वाट पाडायची. वाटेत रस वाहत आला तर अजून झालेलं नाही. वाट कोरडी राहिली, तेलाचा नुसता ओलसर चकाका दिसला, तर गॅस बंद.

मग ते परातीत पसरून पूर्ण गार करायचं. पूर्ण. हे मी ठासून सांगते, कारण माझा पहिला पाय इथेच फसला. पाहुणे येऊन बसले होते, मी कोमट सारण पारीवर ओतलं. खालचं बटर ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळलं, पारीने रस पिऊन घेतला. वरून सुंदर तांबूस दिसत होतं, कापला तर तळाला पांढरी, चिकट, कच्च्या कणकेसारखी साय. माझे सासरे काही न बोलता वरचं वरचं जेवले. तेव्हापासून सारण चारला तयार आणि साडेसहापर्यंत गार, पंख्याखाली तास-दीड तास आणि मग फ्रिजमध्ये, हा नेम मी मोडलेला नाही.

चीज कोणतं, हे मला पुष्कळजण विचारतात. नुसतं मोझरेला घेतलंत तर तार छान येते, पण चव फिकी. चेडरला चव असते, पण जास्त आचेवर त्यातलं तेल सुटतं आणि तळाला उतरतं. आपलं वाण्याकडचं साधं प्रोसेस्ड चीज असतं ना, त्यात ते फुटू नये म्हणून क्षार घातलेले असतात, ते तेल न सोडता मऊ वितळतं. मी १०० ग्रॅम साधं चीज आणि ५० ग्रॅम मोझरेला किसून एकत्र करते. आंटींकडे तेव्हा डब्यातलं चीज यायचं, त्या त्याचे पातळ काप करून मधे रचायच्या, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लागायचं असं मला अजूनही वाटतं.

रचायचं आणि भाजायचं

साडेसहाला ओव्हन २०० वर लावा, दोन्ही कॉइल चालू, आणि खालच्या खाचेत ओव्हनचा पत्र्याचा ट्रे रिकामाच ठेवून तापू द्या. पायाचा डबा थेट त्या तापलेल्या ट्रेवर बसला की तळाला पहिल्याच मिनिटाला आच लागते.

डब्याला बटर लावा. बटर पेपरच्या दोन लांब पट्ट्या तळाशी अधिकच्या चिन्हासारख्या ठेवा, टोकं कडेबाहेर राहतील अशा. शेवटी त्यांना धरून अख्खा पाय उचलून काढता येतो. मोठा गोळा पोळपाटावर मैदा भुरभुरवून लाटा, पुरीपेक्षा जाड, साधारण अर्धा सेंटीमीटरला कमी, बारा इंच रुंद. आमचा पोळपाट लहान पडतो म्हणून मी सरळ ओट्यावर लाटते. पारी लाटण्यावर गुंडाळून उचला आणि डब्यावर उलगडा. कोपऱ्यात ती ताणून बसवू नका, उचलून आत सोडा. ताणलेली पारी भाजताना परत वर सरकते. काट्याने तळाला टोचे मारा. त्यावर टोस्टचा चुरा पसरा, सारणातून चुकून रस सुटलाच तर तो चुरा पितो.

अर्धा खिमा, अर्धं चीज, पुन्हा खिमा, वरून उरलेलं चीज. हाताने हलकं दाबा, आत हवा राहिली तर कापताना वरची पारी वेगळी होऊन पडते. दुसरा गोळा लाटून वर झाकण. कडा पाण्याच्या बोटाने ओल्या करून दोन्ही पाऱ्या चिकटवा, जास्तीचं कातण्याने कापा, आणि करंजीला घालतो तशी मुरड घाला. अंगठ्याने कड आत दुमडायची, बोटाने दाबायची, पुढे सरकायचं. माझ्या नातीला ही मुरड आता माझ्यापेक्षा सुबक येते, तिची बोटं लहान आहेत आणि ती घाई करत नाही. मधोमध रुपयाएवढं भोक पाडा, वाफेला वाट हवी. वाट नसली की वाफ मुरडीतून फुटते आणि चीज बाहेर येऊन जळतं. उरलेल्या पिठाची दोन पानं कापून त्या भोकाच्या कडेला लावली की छान दिसतं. फेटलेलं अंडं चमचाभर दुधात मिसळून ब्रशने लावा, मुरडीच्या खाचांतही.

२०० वर वीस मिनिटं, मग १८० वर पंचवीस ते तीस. वरचा रंग लवकर चढला तर ॲल्युमिनियमची फॉइल सैल टाका, पण बाहेर काढू नका, तळाला अजून वेळ हवा असतो. झालंय हे ओळखायचं ते मधल्या भोकातून: आत चीज बुडबुडताना दिसतं, आणि डबा हलवला की पाय कडेपासून सुटून किंचित सरकतो.

भाजताना वीज गेली तर दार उघडू नका. एकदा अर्ध्यावर वीज गेली आणि मी काळजीने दोनदा उघडून पाहिलं, वरची पारी बसली ती पुन्हा फुलली नाही. बंद ओव्हन बरीच ऊब धरतो. वीज आली की जितकी मिनिटं गेली तितकी आणि वर पाच मिनिटं जास्त द्या.

ओव्हनच नसेल तर कढईत मीठ तापवून भाजायचा खटाटोप या पदार्थाला करू नका. तळ भाजतो, पण वरची पारी पांढरीच राहते. त्यापेक्षा याच सारणाच्या लहान करंज्या करून मंद तेलात तळा. पीठ मात्र मग मोहन घातलेलं घ्या.

माझ्या सासूबाई माळकरी आहेत. त्यांच्यासाठी याच पिठाचा वाटीएवढा वेगळा पाय असतो, मटार, बटाटा आणि पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं चीज, कांदा-लसूण न घालता. त्याचं पीठ मी आधी बाजूला काढते, सुरी आणि पोळपाट वेगळे, आणि तो ओव्हनमध्ये सगळ्यांच्या आधी एकटा भाजून निघतो. त्यांच्या पानात तो गरमच वाढला जावा म्हणून जेवायच्या आधी पाच मिनिटं झाकून तव्यावर ठेवते.

पानं घ्यायच्या वेळी

पावणेआठला पाय बाहेर येतो आणि आठ वाजेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. या पंधरा मिनिटांत सारण बसतं, चीज थोडं घट्ट होतं, आणि तुकडा त्रिकोणी उभा राहतो. लगेच कापलात तर सगळं ताटभर पसरेल. याच वेळात मी हात-तोंड धुऊन साडी बदलते.

सोबत फार काही नको. काकडीची कोशिंबीर, दही न घालता, लिंबू आणि दाण्याचा कूट लावून. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीत बिनबियांची द्राक्षं अर्धी करून घालते, खारट चीजशेजारी ती फार गोड लागतात. ज्याला भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही त्याच्यासाठी थोडा जिरेभात आधीच करून झाकून ठेवा. पोळ्या नाहीत. पहिल्या काही रविवारी आमच्याकडे ‘दोन पोळ्या टाकल्या असत्या तर’ असं ऐकू आलं, मी नाही म्हटलं आणि बसले. आता बटर पेपरच्या पट्ट्यांना धरून मुलगा पाय ताटात उतरवतो, सून कोशिंबीर वाढते, नात तिने घातलेल्या मुरडीचा तुकडा मागून घेते, आणि मी कापते. सुरी वरच्या पारीत शिरताना जो कर्रकन आवाज येतो, त्यावरून मला तळही नीट झालाय का ते कळतं, कारण तोच आवाज शेवटी दुसऱ्यांदा यायला हवा.

उरला तर गार झाल्यावर डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस उत्तम राहतो. आमच्याकडे सोमवारी मांसाहार नसतो, त्यामुळे उरलेला मंगळवारी सकाळी निघतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, पारी ओल्या पावासारखी होते. ओव्हनमध्ये १६० वर पंधरा मिनिटं, किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, मधापर्यंत कढत होईतो. तव्यावर ठेवलात तर पहिली पाच मिनिटं झाका आणि मग झाकण काढून घ्या, म्हणजे पारी पुन्हा वाजायला लागते.